व्हिडिओवर वॉटरमार्क नीट बसत नाही? आधी लोगोची फाइल तपासा

कोल्हापुरात राजारामपुरीत मी छोट्या व्यावसायिकांचे व्हिडिओ करून देते. चप्पल, गूळ, तांबड्या रश्श्याचा मसाला, कोल्हापुरी साज, तालमीतल्या पोरांच्या कुस्त्या, असं सगळं. यातले बरेचजण आता फोनवर स्वतःच शूट करतात आणि ऑनलाइन डिझाइन टूलमध्ये लोगोही, म्हणजे वॉटरमार्क, स्वतःच चढवतात. ते चांगलंच आहे, एवढ्यासाठी कुणाला पैसे मोजायची गरज नाही. पण आठवड्यातून एकदा तरी फोन येतोच, "ताई, लोगो टाकलाय, पण..." त्या 'पण'च्या पुढे जे येतं ते ठरलेल्या सहा-सात प्रकारांतलं असतं. आणि बहुतेक वेळा दोष टूलचाही नसतो, व्हिडिओचाही नसतो, लोगोच्या फाइलचा असतो. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. आधी फुकट आणि मिनिटभराचं, मग वेळखाऊ. बटणांची नावं टूलगणिक बदलतील, दोष तेच राहतात.

लक्षणं

- लोगोभोवती पांढरा किंवा काळा चौकोन दिसतो. कधी करड्या-पांढऱ्या घरांचा बुद्धिबळाचा पट दिसतो.
- लोगो पहिले काही सेकंद दिसतो आणि मग गायब होतो.
- तुमच्या लोगोबरोबर तिसऱ्याच कुणाचा तरी शिक्का उमटतो.
- टूलमध्ये लोगो स्वच्छ, डाउनलोड केल्यावर फुटलेला.
- इन्स्टाग्रामवर टाकल्यावर लोगो बटणांखाली जातो किंवा कापला जातो.
- मराठी नावातली जोडाक्षरं तुटतात, किंवा अक्षरांच्या जागी चौकोन येतात.
- व्हिडिओ चढतच नाही, चढला तर रंग फिके पडतात किंवा आवाज मागे राहतो.

आपलं लक्षण यातलं कुठलं ते आधी ठरवा, पण तपासणी वरूनच सुरू करा. दोन दोष एकत्र असले की दुसरा दोष पहिल्याच्या आड लपतो.

शिक्का नक्की कुणाचा आहे?

हे बघायला अर्धा मिनिट लागतो. व्हिडिओ थांबवून मोठा करा आणि जे नको आहे ते वाचा. काही टूल फुकट खात्यातून काढलेल्या प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकतात. कॅनव्हा हे ऑनलाइन डिझाइन टूल तसं करत नाही, पण फुकट खात्यात तुम्ही पैसे भरून मिळणारं एखादं चित्र किंवा क्लिप वापरली असेल तर त्यावर तिरप्या रेषांची जाळी दिसते. लोक मग आपला लोगो पुन्हा पुन्हा काढून चढवत बसतात. खरं तर लोगोच्या मागची फुलांची वेल किंवा चौकट तेवढी बदलायची असते. डिझाइनमधली एकेक वस्तू निवडून पुसून बघा. जिच्याबरोबर जाळी जाते तीच दोषी.

शिक्का टूलचाच असेल तर दोनच वाटा आहेत. त्या टूलचे पैसे भरा किंवा शिक्का न टाकणारं टूल वापरा. तो भाग कापून किंवा धूसर करून पुसायचा खटाटोप करू नका. चित्र बिघडतं, आणि आपण ज्या अटी मान्य करून टूल वापरलं त्यांच्या विरुद्धही जातं.

लोगोची फाइल

इथे जास्त लिहिते, कारण माझ्याकडे येणारे सगळ्यात जास्त व्हिडिओ इथेच अडलेले असतात.

जेपीजी फाइलला पारदर्शकता साठवताच येत नाही. तिच्यातल्या प्रत्येक ठिपक्याला कुठला तरी रंग असावाच लागतो. त्यामुळे गोल लोगोच्या बाहेरची मोकळी जागा पांढरी भरली जाते आणि व्हिडिओवर तीच पांढरी पाटी दिसते. पीएनजी फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा रंग असतो आणि तो किती आरपार आहे हेही असतं. म्हणून वॉटरमार्कसाठी पीएनजी लागते.

"माझा लोगो पीएनजीच होता हो" असं म्हणणारेही खूप असतात, आणि ते खरं बोलत असतात. लोगो करून देणाऱ्याने पीएनजीच दिलेली असते. मग ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पुढे पाठवली जाते. व्हॉट्सॲप फोटो म्हणून गेलेलं चित्र दाबून लहान करतं आणि जेपीजी करून पोचवतं. पारदर्शकता तिथेच गेली. आता त्या फाइलचं नाव बदलून शेवटी पीएनजी लिहिलं तरी गेलेलं परत येत नाही. लोगो नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा ईमेलने मागवा.

बुद्धिबळाच्या पटाचं कारण वेगळं आहे. गूगलवर शोधून एखादं ट्रान्सपरंट चित्र उतरवलं की कित्येकदा तो पट चित्रातच रंगवलेला निघतो. ओळखणं सोपं आहे. गडद रंगाच्या कोऱ्या पानावर चित्र ठेवा. पट तसाच दिसला तर फाइल खोटी आहे.

मूळ फाइल कुठे मिळेल? कोल्हापुरात बहुतेक दुकानांचे लोगो पहिल्यांदा फ्लेक्स किंवा व्हिजिटिंग कार्डासाठी केलेले असतात, आणि ते कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले असतात. ज्या प्रेसने किंवा फ्लेक्सवाल्याने ते काम केलं त्याच्याकडे जा आणि म्हणा, "कोरलच्या फाइलमधून लोगो ट्रान्सपरंट पीएनजी करून द्या, रुंदी दोन हजार पिक्सेल." जुनं गिऱ्हाईक असाल तर दोन मिनिटांत मिळेल. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून त्याची कड कापत बसण्यापेक्षा ही चक्कर परवडते. कोरलची फाइल रेषांची बनलेली असते, तिच्यातून हवा तेवढा मोठा लोगो निघतो. फोटोतून काढलेला लोगो मात्र मोठा केला की फुटतो. लोगो टूलमध्ये चढवण्याआधीच पुरेसा मोठा हवा. मोठा लहान केला तर काही बिघडत नाही, लहान ताणला की कडा दाणेदार होतात.

प्रेसवाला सापडलाच नाही तर पार्श्वभूमी काढायची सोय वापरा. कॅनव्हात ती पैसे भरलेल्या खात्यात मिळते, पारदर्शक पीएनजी उतरवून घेण्याची सोयही त्याच खात्यात. फुकटात करायचं असेल तर संगणकावर गिम्प या चित्र दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, थोडा हात बसवावा लागतो.

लोगो मध्येच गायब होतो

फाइल बरोबर आहे, तरी लोगो पाचव्या सेकंदाला नाहीसा होतो. याचं कारण असं, की या टूलमध्ये व्हिडिओचे तुकडे वेगवेगळ्या पानांवर असतात. लोगो ज्या पानावर ठेवला त्याच पानापुरता तो राहतो. तीन क्लिप जोडल्या असतील तर तीन पानं झाली. लोगो कॉपी करून प्रत्येक पानावर पेस्ट करा. पेस्ट केल्यावर तो आपोआप त्याच जागी बसतो, हाताने ओढून जागा जुळवायला जाऊ नका. दोन-चार पिक्सेलचा फरक पडला तरी क्लिप बदलताना लोगो उडी मारतो आणि बघणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

पान एकच असेल तर लोगोची वेळ बघा. टाइमलाइनवर लोगोची स्वतःची पट्टी असते, ती व्हिडिओच्या टोकापर्यंत ओढलेली हवी. लोगोवर चुकून ॲनिमेशन लागलं असेल तर तेही काढा. ॲनिमेशन लागलेला लोगो शेवटच्या क्षणी विरून जातो आणि नेमका तोच क्षण लोक स्क्रीनशॉट काढतात.

तिसरी शक्यता थरांची आहे. लोगो व्हिडिओच्या मागे गेला असेल तर तो असून दिसत नाही. थरांची यादी उघडून त्याला सगळ्यात वर आणा, आणि मग कुलूप लावा, म्हणजे पुढचं काम करताना तो हलणार नाही.

जागा, आकार आणि रंग

एका चप्पल कारागिरासाठी मी वेणी घालतानाचा व्हिडिओ केला होता. लोगो रीतसर खालच्या उजव्या कोपऱ्यात. आठवड्याभरात दुसऱ्या एका खात्यावर तोच व्हिडिओ दिसला, फक्त कोपरा कापलेला. त्या कारागिराने चार दिवस बसून विणलेली वेणी दुसऱ्याच्या नावावर फिरत होती. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते चपलेचं रक्षण करतं, तुमच्या व्हिडिओचं नाही. त्या दिवसापासून मी लोगो अगदी कोपऱ्यात ठेवत नाही. वस्तूच्या जवळ, पण वस्तू झाकणार नाही असा ठेवते. तो कापायला गेलं तर चप्पलही कापली गेली पाहिजे.

उभ्या व्हिडिओचं माप १०८० बाय १९२० पिक्सेल. रील्सच्या उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं असतात, तळाला नाव आणि मजकूर. म्हणून खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडा. प्रोफाइलच्या जाळीत इन्स्टाग्रामने २०२५ च्या जानेवारीत चौरसाऐवजी उभ्या ३:४ चौकटी आणल्या. १०८० रुंदीच्या व्हिडिओतली मधली १४४० पिक्सेल उंची तिथे दिसते, वरची आणि खालची २४० कापली जाते. दोन्ही ठिकाणी लोगो दिसायला हवा असेल तर त्या मधल्या पट्ट्यात ठेवा. मी डावीकडे, उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागाजवळ ठेवते. रुंदी १५० पिक्सेलच्या आसपास, पारदर्शकता पन्नास ते साठ टक्के.

टक्के ठरवायला एकच फ्रेम बघू नका. व्हिडिओतली सगळ्यात उजेडाची आणि सगळ्यात अंधाराची अशा दोन फ्रेम थांबवून बघा. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर काढलेल्या व्हिडिओत गुलालाने सगळं गुलाबी झालेलं असतं, तिथे लाल-गुलाबी लोगो पूर्ण बुडतो. त्याच दिवशी संध्याकाळी रंकाळ्यावर काढलेल्या काळसर फ्रेममध्ये निळा लोगो बुडतो. पांढरा लोगो आणि त्याला अगदी बारीक गडद कड, हे दोन्हीकडे चालतं.

डाउनलोड केल्यावर लोगोची लाल अक्षरं माखल्यासारखी दिसत असतील, तर ते टूलचं बिघडणं नाही. नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक ठिपक्याची होते, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांमध्ये मिळून एक. डोळ्याला हा फरक एरवी कळत नाही. बारीक लाल किंवा निळ्या रेषेला मात्र तो कळतो, तिच्या कडा पसरतात. पांढरी रेष रंगावर अवलंबून नसते, म्हणून ती टिकते.

वॉटरमार्कसाठी लोगोची एक वेगळी, एकाच रंगाची, ठसठशीत आवृत्ती करून ठेवा. १९२९ मध्ये आपल्या कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचं बोधचिन्ह आठवा. तुतारी फुंकणारी स्त्री. नुसती बाह्यरेषा दिसली तरी प्रभात कळते, खाली नाव वाचायची गरज पडत नाही. तुमच्या लोगोत पत्ता, तीन मोबाइल नंबर आणि 'आमची कोठेही शाखा नाही' असेल, तर १५० पिक्सेलात त्यातलं काहीच वाचता येणार नाही. नाव किंवा चिन्ह, एकच ठेवा.

मराठी अक्षरं

टूलमध्येच नाव टाइप करायचं असेल तर देवनागरी असलेला फॉन्ट निवडा. मुक्ता, बालू, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी हे चालतात. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. फॉन्टमध्ये देवनागरी नसली की चौकोन येतात किंवा टूल स्वतःच दुसरा फॉन्ट घुसडतं.

प्रेसमधून आलेला मजकूर कॉपी करून पेस्ट केला आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर तो मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला आहे. तिथे अक्षर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी कळा साठवलेल्या असतात. फॉन्ट बदलून ते सुधारत नाही. नाव युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा, किंवा प्रेसवाल्याला अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून, पीएनजी द्यायला सांगा. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. अक्षर एकदा चित्र झालं की 'ऱ्या' किंवा 'क्ष्म' कुठल्याही टूलमध्ये तुटत नाही.

व्हिडिओच चढत नाही

इथून पुढे वेळ लागतो. आधी साधा हिशोब करा. ५०० मेगाबाइटची फाइल आणि अपलोडचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असेल, तर सगळं सुरळीत असतानाही सव्वातेरा मिनिटांच्या वर लागतात. गणपतीच्या मिरवणुकीत उभं राहून मोबाइल नेटवर हे होणार नाही. घरी वायफायवर करा, आणि काम संपेपर्यंत तो टॅब पुढेच ठेवा.

तरी अडलं तर इनकॉग्निटो खिडकीत टूल उघडा. तिथे जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन सहसा बंद असतात आणि जुना साठाही नसतो. तिथे चाललं तर दोष ब्राउझरमध्ये आहे, एक्स्टेन्शन एकेक बंद करून बघा. संगणकाची डिस्क गच्च भरलेली असेल तर थोडी रिकामी करा, डाउनलोड अर्ध्यात तुटण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

यानंतर फाइलच्या आत बघायचं. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्हिडिओ उघडा आणि टूल्समध्ये कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीची, माहिती बघा. तिथे एचईव्हीसी किंवा एच.२६५ (दोन्ही एकच) लिहिलेलं असेल तर गोम तिथे आहे. जागा वाचावी म्हणून बरेच फोन या पद्धतीने रेकॉर्ड करतात, आयफोनमध्ये हे २०१७ च्या आयओएस ११ पासून आलं. पण सगळे ब्राउझर ते उघडत नाहीत. आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असा पर्याय असतो. हे पुढच्या शूटिंगला लागू होईल. काढून झालेल्या व्हिडिओसाठी हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर वापरा आणि एच.२६४ एमपी४ करून घ्या. त्यातच 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. फोन उजेड बघून दर सेकंदाच्या फ्रेम कमीजास्त करतो, टूलला ते झेपलं नाही की आवाज आणि ओठ जुळत नाहीत.

रंग फिके पडत असतील तर व्हिडिओ एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणाऱ्या पद्धतीने, काढलेला असू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करा.

शेवटी डाउनलोड करताना मूळ व्हिडिओचंच माप आणि तीच फ्रेमरेट ठेवा. तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवून, तिथून उतरवून इन्स्टाग्रामवर चढवू नका. प्रत्येक फेरीत तो पुन्हा दाबला जातो, आणि बारीक कडांचा लोगो सगळ्यात आधी खराब होतो.

इथे थांबा

मेमरी कार्ड वाचलं जात नसेल किंवा हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वॉटरमार्क बाजूला ठेवा. त्या कार्डावर नवीन काही साठवू नका, डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. लग्नाचं शूटिंग परत होत नाही.

वॉटरमार्क लावलेली प्रत तेवढी उरली आणि मूळ व्हिडिओ पुसला गेला, तर लोगो निघणार नाही. तो चित्रातच मुरलेला असतो. कुणी काढून देतो म्हणालं तरी पैसे देऊ नका, धूसर डाग पडेल एवढंच. मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवायची सवय आजच लावा.

तीस-चाळीसपेक्षा जास्त व्हिडिओंवर एकदम लोगो लावायचा असेल तर ऑनलाइन टूलशी झगडू नका. एडिटरकडे एफएफएमपेगसारखी, लिहिलेल्या आज्ञेवर व्हिडिओचं काम करणारी साधनं असतात, सगळी फोल्डर एका आज्ञेत होते. ते काम तासाभराचं आहे, तुम्हाला आठवडा लागेल.

आणि तुमचा लोगो कापून कुणी व्हिडिओ वापरत असेल, तर आधी त्या त्या प्लॅटफॉर्मचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरा, तो फुकट असतो. समोरच्याशी कमेंटमध्ये भांडू नका, तो पोस्ट पुसून मोकळा होईल. अर्जाच्याही आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा. तेवढ्यावर थांबलं नाही तर वकील गाठा. कॉपीराइट कायदा १९५७ चा असला तरी त्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ब आलं आहे. हक्कदाराची ओळख सांगणारी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद त्यात आहे. तुमच्या प्रकरणात ते कसं लागू होतं हे वकीलच सांगू शकेल.

कुणाकडेही जाताना पेनड्राइव्हवर चार गोष्टी न्या: फोनमधून थेट काढलेला मूळ व्हिडिओ, लोगोची पीएनजी, बिघडलेला तयार व्हिडिओ, आणि कितव्या सेकंदाला काय बिघडतं ते लिहिलेली चिठ्ठी.